एकच मॉडेल, दर वेळी वेगळं उत्तर: एजंट-बेस्ड सिम्युलेशनचा रिझल्ट टिकत नसेल तर कुठे कुठे बघायचं

एजंट-बेस्ड सिम्युलेशन म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बरीच आभासी माणसं (एजंट) ठेवायची, प्रत्येकाला साधे नियम द्यायचे आणि त्यातून समाजाचं काय चित्र तयार होतं ते बघायचं. त्याचा रिझल्ट दर वेळी का बदलतो, हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. तक्रार साधारण तीन प्रकारात येते. एक, "कालपर्यंत मतांचे तीन गट पडत होते, आज दोनच पडतायत, कोडला हातही लावलेला नाही". दोन, "माझ्या लॅपटॉपवर ध्रुवीकरण होतं आणि गाइडच्या मशिनवर सगळे गुण्यागोविंदाने नांदतात". आणि तिसरा, ज्यात रडूच येतं, "रिव्ह्यूअरने वर्णन वाचून मॉडेल स्वतः परत लिहिलं आणि त्याला आमचा इफेक्ट दिसलाच नाही".

यावर पहिलं उत्तर सगळे एकच देतात, अगं रँडम आहे ना, बदलणारच. हे ऐकून गप्प बसू नका. रँडम आहे म्हणून किती बदलायला हवं आणि कशामुळे, हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर पेपरमध्ये "समाजात असं असं घडतं" लिहायचा आपल्याला काय अधिकार? आणि माझा अनुभव असा की शोधायला बसलं की चोर बहुतेक वेळा अशा एखाद्या निर्णयात सापडतो जो आपण घेतलाय हेच आपल्याला माहीत नसतं. कोणी आधी हलायचं, बरोबरी झाली तर काय करायचं, बरोबर म्हणजे नक्की किती बरोबर. आपण विचार केला नाही म्हणून सॉफ्टवेअरने परस्पर ठरवून टाकलं, आणि आपण त्याच्या ठरवण्याला सामाजिक प्रक्रिया म्हणत बसलो.

आधी एकच उत्तर दोनदा काढून दाखवा

बाकी काहीही करायच्या आधी हे करा. तीच मशिन, तेच व्हर्जन, तोच रँडम सीड (रँडम नंबरांची रांग जिथून सुरू होते तो आकडा), आणि मॉडेल दोनदा चालवा. मधे प्रोग्रॅम पूर्ण बंद करून परत उघडा, हे महत्त्वाचं आहे, का ते खाली सांगते. शेवटचा ग्राफ डोळ्यांनी बघून "हो सेमच आहे" म्हणू नका. प्रत्येक टिकला (मॉडेलच्या एका पावलाला) प्रत्येक एजंटची स्थिती एका फाइलमध्ये लिहा आणि दोन फाइल्स शेजारी ठेवून पहिली वेगळी ओळ कुठली ते शोधा. शून्याव्या टिकलाच फरक असेल तर घोळ सेटअपमध्ये आहे, म्हणजे लोकसंख्या किंवा नेटवर्क तयार करताना. सतराव्या टिकला असेल तर सतराव्या टिकला पहिल्यांदा कुठला नियम चालला ते बघा. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

सीड तोच आणि उत्तर वेगळं, तर हा सरळ सरळ बग आहे, त्याला स्टोकॅस्टिक (योगायोगावर चालणारं) वगैरे भारी नावं देऊ नका. पायथनमध्ये सगळ्यात कॉमन कारण म्हणजे दोन-तीन वेगवेगळे रँडम जनरेटर. स्टँडर्ड लायब्ररीचा एक, नमपायचा (आकडेमोडीची लायब्ररी) दुसरा, आणि मेसा (एजंट मॉडेलची लायब्ररी) वापरत असाल तर मॉडेल ऑब्जेक्टचा स्वतःचा तिसरा. सीड दिला मेसाला आणि एजंटच्या स्टेपमध्ये सवयीने नमपायचं फंक्शन वापरलं की झालं, तो जनरेटर मोकाट. कोडमध्ये "रँडम" शब्द सर्च करा आणि प्रत्येक जागी तो मॉडेलच्याच जनरेटरमधून येतोय ना ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण जास्त छुपं आहे आणि याच्यात माझे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाचे दोन आठवडे गेलेत. प्रत्येक एजंटचे शेजारी मी सेटमध्ये (क्रम न पाळणाऱ्या यादीत) ठेवले होते, शेजाऱ्यांची नावं म्हणजे स्ट्रिंग. पायथनमध्ये ३.३ व्हर्जनपासून स्ट्रिंगचा हॅश (तिच्यावरून काढलेला आकडा) दर वेळी प्रोग्रॅम सुरू केला की बदलतो, सुरक्षेसाठी केलंय ते, आणि त्यामुळे सेटमधून एकेक घटक बाहेर काढण्याचा क्रमही बदलतो. नोटबुक उघडं असेपर्यंत सगळं नीट दिसायचं, कारण प्रोसेस तीच. कर्नल (नोटबुकमागे चालणारा पायथन) रीस्टार्ट केला की दुसरं उत्तर. मी सीड बदलून बघितला, लायब्ररी परत इन्स्टॉल केली, मशिनला शिव्या घातल्या. शेवटी नुसते पहिले दहा शेजारी प्रिंट केले तेव्हा दिसलं की क्रमच वेगळा आहे, मग रँडम नंबर तेच असून काय उपयोग, ते वेगळ्याच माणसाच्या वाट्याला जातायत. उपाय फालतू आहे: सेटच्या जागी लिस्ट, किंवा फिरायच्या आधी सॉर्ट. पूर्णांकांचे आयडी असतील तर हा त्रास सहसा दिसत नाही, पण एजंट ऑब्जेक्टच सेटमध्ये टाकले असतील तरी हाच घोळ होऊ शकतो, कारण तिथे हॅश मेमरीच्या पत्त्यावरून येतो.

नेटलोगोवाल्यांनो (एजंट मॉडेलसाठीचं तयार सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनो), तुमच्याकडे क्लिअर-ऑल केल्याने रँडम जनरेटर परत पहिल्यापासून सुरू होत नाही. कमांड सेंटरमध्ये एकदा रँडम-सीड टाइप केला, सेटअप दाबलं, गो चालवलं, परत सेटअप दाबलं, तर दुसरा रन मधूनच पुढचे नंबर घेतो. सीडची ओळ सेटअपच्या आतच हवी, आणि तीही काहीही रँडम व्हायच्या आधी. पण मग तिथे ४२ लिहून विसरू नका! बिहेविअरस्पेसमध्ये (नेटलोगोतलं अनेक रन लावायचं साधन) शंभर रन लावले आणि शंभरच्या शंभर हुबेहूब तेच आले, स्टँडर्ड डेव्हिएशन शून्य, आणि एकाने "रिझल्ट अत्यंत स्थिर आहेत" असं लिहिलेलं मी वाचलंय. बिहेविअरस्पेसचा रन नंबरच सीड म्हणून द्या, म्हणजे प्रत्येक रन वेगळाही आणि परत काढता येण्यासारखाही.

पायथनमध्ये याचा जुळा भाऊ म्हणजे मल्टिप्रोसेसिंग, म्हणजे अनेक रन एकाच वेळी समांतर चालवणं. फोर्क करून (चालू प्रोग्रॅमची प्रत काढून) वर्कर तयार झाले की नमपायच्या ग्लोबल जनरेटरची स्थिती जशीच्या तशी सगळ्यांकडे कॉपी होते, आठ वर्कर असतील तर आठही तेच नंबर काढत बसतात. प्रत्येक रनला स्वतःचा सीड हातात द्या, नमपायमध्ये सीडसीक्वेन्स त्यासाठीच आहे.

अजून एक, हा बग नाही पण घाबरवतो. तुम्ही डीबगिंगसाठी मधेच एक ओळ टाकली जी एखादा रँडम नंबर वापरते, आणि सगळं उत्तर बदललं. काही बिघडलं नाहीये, एक नंबर मधून खाल्ला गेला म्हणून पुढची सगळी रांग एकाने सरकली. याच कारणामुळे "मी नियम सुधारला आणि रिझल्ट बदलला" हे एका सीडच्या एका रनवरून कधीच म्हणायचं नाही. लोकसंख्येसाठी एक जनरेटर, नेटवर्कसाठी दुसरा, वागणुकीसाठी तिसरा असे वेगळे ठेवले तर ही डोकेदुखी खूप कमी होते.

आता खरा गुन्हेगार: कोण आधी हलतं

सीडचं सगळं नीट झालं, दोनदा तेच उत्तर येतंय, तरी मित्राच्या कोडमध्ये वेगळं येतंय. इथे सगळ्यात आधी ॲक्टिव्हेशनचा क्रम, म्हणजे एजंट कुठल्या क्रमाने हलतात ते, बघा. सगळ्यात छोटं उदाहरण घ्या. दोन शेजारी, एकाचं मत हो, दुसऱ्याचं नाही, नियम एकच, शेजाऱ्याचं मत उचला. दोघांना एकाच क्षणी हलवलं तर ते मतं अदलाबदल करतात, पुढच्या टिकला परत अदलाबदल, आणि हे अनंतकाळ चालू. एकामागून एक हलवलं तर पहिल्याच फेरीत एकमत. नियम तोच, माणसं तीच, आणि एका पेपरचा निष्कर्ष "कायमचा मतभेद", दुसऱ्याचा "तात्काळ सहमती".

हे काही माझं खेळणं नाही, याच्यावर खऱ्या जर्नलमध्ये वाद झालेत. १९९२ मध्ये नोवाक आणि मे यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ग्रिडवर (चौकटींच्या जाळीवर) कैद्यांची कोंडी (सहकार्य करायचं की दगा द्यायचा, असा दोघांमधला खेळ) खेळणारे साधे एजंट, ज्यांना आठवण नाही की डावपेच नाहीत, तेही सहकार्य टिकवून धरतात आणि सुंदर सुंदर नक्षी तयार होते. १९९३ मध्ये ह्युबरमन आणि ग्लान्स यांनी तोच खेळ घेऊन फक्त एवढंच केलं की सगळ्यांना एकदम अपडेट न करता एकेकाला केलं, आणि त्यांनी घेतलेल्या सेटिंगला नक्षी गायब, सगळे दगाबाज. पुढच्या वर्षी मूळ लेखकांनी उत्तर दिलं की पॅरामीटरच्या इतर पट्ट्यात एकेकाला हलवूनही सहकार्य टिकतं. म्हणजे कोणी एक पूर्ण चूक होतं असं नाही, पण "सहकार्य टिकतं" या वाक्यापुढे केव्हा आणि कुठल्या क्रमाने हे जोडावं लागलं.

क्रमाने शेवट बदलत नाही पण वेळ बदलते असाही प्रकार असतो आणि तो जास्त फसवा आहे. ग्रॅनोव्हेटरचं १९७८ चं थ्रेशोल्ड मॉडेल घ्या. शंभर माणसं, पहिल्याचा थ्रेशोल्ड ०, दुसऱ्याचा १, असं करत शेवटच्याचा ९९. ज्याच्या थ्रेशोल्डएवढे लोक दंगलीत उतरलेले दिसतील तो उतरतो, आणि एकदा उतरला की परत जात नाही. सगळ्यांना एकदम अपडेट केलं तर दर टिकला एकेक जण वाढतो, पूर्ण व्हायला १०० टिक. एकामागून एक, आयडीच्या चढत्या क्रमाने केलं तर पहिल्याच टिकमध्ये शंभरच्या शंभर, कारण शून्यवाला उतरला, लगेच त्याला बघून एकवाला, लगेच दोनवाला. उतरत्या क्रमाने केलं तर परत १०० टिक. आता समजा तुम्ही "५० टिकला थांबवा" असं ठरवलं होतं. एकाला रिझल्ट मिळाला १०० टक्के सहभाग, दुसऱ्याला ५० टक्के, आणि दोघं आपापल्या डेटाशी तुलना करत बसले. कागदावर स्वतः करून बघा, दहा माणसं घेतली तरी पुरतात.

लिस्टमधून साध्या लूपने फिरत असाल तर तुम्ही कायम चढता आयडी वापरताय, म्हणजे पहिला एजंट जन्मभर पहिला. त्याला रिकामी जागा आधी मिळणार, साधनं आधी मिळणार, आणि मग विषमता दिसली की आपण खूश. नेटलोगोचा आस्क दर वेळी क्रम पिसतो म्हणून तिथे हा आजार कमी, आणि तोच कोड पायथनमध्ये उतरवताना लोक नेमके इथे फसतात. मेसामध्ये जुन्या व्हर्जनला रँडम, सायमल्टेनियस असे वेगवेगळे शेड्युलर (हलायचा क्रम ठरवणारे) होते, व्हर्जन ३ मध्ये ते काढून एजंटसेटवर शफल-डू आणि साधा डू अशी पद्धत आलीये, त्यामुळे जुना कोड नव्यात आणताना कुठला शेड्युलर कशाने बदलला ते लिहून ठेवा. नुसता डू लिहिलात तर पिसणं गेलं. आणि "रँडम क्रम" म्हणतानाही दोन अर्थ आहेत: प्रत्येकाला एका फेरीत एकदाच पण क्रम पिसून, किंवा दर वेळी शंभरातून कोणीही एक उचलायचा, ज्यात एखाद्याची पाळी तीनदा येते आणि एखाद्याची येतच नाही.

मग बरोबर क्रम कुठला? सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही, तुमचा विषय सांगतो. मतदान एकाच दिवशी होतं, लोकांना एकमेकांचं मत आधी दिसत नाही, तिथे सगळे एकदम. अफवा पसरते, दुकानदार एकमेकांचे भाव बघून बदलतात, तिथे एकामागून एक, आणि कदाचित काही लोक इतरांपेक्षा वारंवार. मुलाखती घेतल्या असतील तर त्याच परत काढा, "तुम्ही हे ठरवलं तेव्हा तुमच्याआधी कोणाकोणाचं ठरलेलं होतं" एवढा प्रश्न विचारलेला असेल तरी अर्धं उत्तर तिथे आहे. ठरवता येत नसेल तर तिन्ही पद्धतींनी चालवा आणि तिन्ही पेपरमध्ये द्या. निष्कर्ष तिन्हीत टिकला तर उत्तम. एकातच टिकला तर तेवढाच दावा करा, तोही इंटरेस्टिंगच असतो खरं तर.

एका बरोबरच्या चिन्हाची किंमत

वरचीच दंगल परत घ्या. "माझ्या थ्रेशोल्डएवढे किंवा जास्त" असं लिहिलं, म्हणजे >=, तर शंभर उतरतात. चुकून फक्त > लिहिलं तर शून्य थ्रेशोल्डवाला बघतो, शून्य हे शून्यापेक्षा मोठं आहे का? नाही. तो घरीच बसतो, म्हणून बाकीचेही घरीच. १०० ऐवजी ०. एका चिन्हाने. आणि पेपरमध्ये दोन्हीचं वर्णन "पुरेसे लोक उतरलेले दिसले की व्यक्ती सहभागी होते" असंच असतं.

एडमंड्स आणि हेल्स यांनी २००३ मध्ये असंच एक प्रसिद्ध मॉडेल, २००१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं टॅगवाल्या सहकार्याचं (प्रत्येक एजंटला एक खुणेचा आकडा, आणि जवळच्या खुणेवाल्यालाच मदत), परत लिहायला घेतलं. दोघांनी वेगवेगळं लिहिलं, दोघांचं आपसात जुळलं आणि मूळ आकड्यांशी काही जुळेना. शेवटी सापडलं की दोन एजंटची कमाई सारखी असेल तर कोणाची प्रत पुढच्या पिढीत जाते, या बरोबरीच्या नियमात फरक होता. पुढे हेही दिसलं की "टॅगमधला फरक सहनशीलतेएवढा किंवा कमी" च्या जागी नुसतं "कमी" केलं की सहकार्य कोसळतं, कारण आधीच्या नियमात हुबेहूब सारख्या एजंटना एकमेकांना मदत न करण्याची सोयच नव्हती. म्हणजे "सहकार्य आपोआप उगवलं" यातला बराचसा भाग त्या एका बरोबरच्या चिन्हाने आधीच पेरून ठेवला होता.

म्हणून कोडमधल्या प्रत्येक तुलनेपाशी थांबा आणि विचारा, अगदी बरोबरी झाली तर? सर्वात चांगली जागा निवडताना दोन जागा सारख्याच चांगल्या असतील तर? नेटलोगोचा मॅक्स-वन-ऑफ अशा वेळी रँडम निवडतो, पायथनचा मॅक्स पहिला सापडलेला देतो, नमपायचा आर्गमॅक्सही पहिलाच देतो. पहिला म्हणजे ग्रिडवर बहुतेक वेळा वरचा डावा कोपरा, आणि मग तुमची सगळी वस्ती हळूहळू वर डावीकडे सरकायला लागते. हे मी हसत लिहितेय पण एका सेमिनारमध्ये याच सरकण्याला "स्थलांतराचा कल" म्हटलेलं ऐकलंय.

दशांशातलं भूत

मतांची मॉडेल्स करणाऱ्यांनी हे नक्की वाचा, विशेषतः हेगसेलमन-क्राउझ पद्धतीची, जिथे ज्याचं मत माझ्यापासून एका ठरावीक अंतरात आहे त्याचंच मी ऐकतो. अकरा एजंट घ्या, मतं ०, ०.१, ०.२ करत १ पर्यंत, आणि अंतराची मर्यादा ०.१. कागदावर सगळी शिडी जोडलेली आहे, प्रत्येकाला दोन्ही बाजूचा शेजारी ऐकू येतो. कॉम्प्युटरला विचारा. ०.३ वजा ०.२ त्याला ०.१ पेक्षा किंचित कमी वाटतं, म्हणून चालतं. ०.४ वजा ०.३ त्याला ०.१०००००००००००००००३ वाटतं, म्हणजे मर्यादेबाहेर. तसंच ०.८ वजा ०.७. शिडीचे तीन तुकडे पडले: ० ते ०.३, ०.४ ते ०.७, आणि ०.८ ते १. समाज तीन गटात विभागला, आणि फोडणारा कोण, तर बायनरीमध्ये ०.१ नेमका लिहिता येत नाही हे.

मजा पुढे आहे. तीच मतं हाताने न लिहिता ०.१ ला ३ ने गुणून अशी तयार केलीत तर फटी दुसरीकडे सरकतात, उदाहरणार्थ ०.२ आणि ०.३ च्या मधे पडते. म्हणून "कोडला हात लावला नाही, फक्त इनिशियल व्हॅल्यू जरा नीट लिहिल्या" यातला तो "फक्त" महागात पडतो. पोलहिल, इझ्किएर्दो आणि गॉट्स यांनी २००५ मध्ये एजंट मॉडेल्समधल्या याच भुतांवर सविस्तर लिहिलंय.

उपाय: जमेल तिथे पूर्णांक. मतं ० ते १००० अशी ठेवा, मर्यादा १०० ठेवा. सरासरी काढल्यावर अपूर्णांक येणारच, तिथे कसं राउंड करायचं ते ठरवून लिहून ठेवा. काही जण तुलनेत एक छोटीशी सूट देतात, ०.००००००००१ वगैरे, ते बऱ्याचदा चालतं पण त्याने कडा नाहीशी होत नाही, थोडी बाजूला सरकते इतकंच. आणि एक सोपी टेस्ट आहे. सुरुवातीच्या मतांमध्ये अगदी बारीक रँडम कंपन मिसळा, दहा लाखांत एक भाग एवढं. त्याने निष्कर्ष कोसळला तर तो समाजाबद्दलचा नव्हताच.

किती रन, आणि सरासरी कशाची

इथपर्यंत सगळं साफ असेल आणि तरी वेगवेगळ्या सीडला खूप वेगळी उत्तरं येत असतील, तर आता हा मॉडेलचा गुणधर्म आहे आणि त्याच्याशी भांडायचं नाही, तो मोजायचा. ३० रनची प्रथा कुठून तरी स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकातून आलीये, तिला इथे काही आधार नाही. आधी हिस्टोग्राम काढा. सरासरी नंतर.

परत ग्रॅनोव्हेटर, कारण त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. थ्रेशोल्ड नॉर्मल वितरणातून, सरासरी २५, माणसं शंभर. पसारा कमी असेल तेव्हा दंगलीत मूठभर लोक. स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १२.२ ला पोचलं की समतोल (शेवटी दंगलीत उतरलेले लोक) सहाच्या आसपासवरून एकदम जवळजवळ शंभरावर उडी मारतो. आता या जागेजवळ तुम्ही दर रनला शंभर माणसं नव्याने रँडम काढलीत तर काही रन खाली अडकतात, काही वर जातात, मधे जवळजवळ कोणीच नाही. सरासरी ५० आली तर ती एकाही रनची गोष्ट नाही. तिच्यावर एरर बार लावून दिला की चित्र आणखीच खोटं. अशा वेळी "एवढ्या टक्के रनमध्ये दंगल झाली" असं सांगा आणि दोन ढिगांची वर्णनं वेगवेगळी द्या.

किती रन पुरे हे ठरवायला मी हे करते: रन वाढवत जाते आणि मला जो आकडा सांगायचाय तो (सरासरी असेल, ढिगाचं प्रमाण असेल) प्रत्येक वाढीनंतर काढते, तो हलायचा थांबला की पुरे. पॅरामीटरच्या निवांत भागात वीस रनला थांबतो, उडीच्या जागेजवळ हजारालाही हलत असतो. आणि प्लीज, दोन सेटिंगमधला फरक सिग्निफिकंट आहे असं पी-व्हॅल्यूने सिद्ध करू नका, रन तुमच्या हातात आहेत, रात्रभर लावून ठेवलं की सकाळी कुठलाही फालतू फरक सिग्निफिकंट होतो. फरक केवढा आहे ते सांगा.

बारीकसारीक, पण यानेही वाट लागते

ग्रिडच्या कडा गुंडाळलेल्या (डावी उजवीला, वरची खालच्याला जोडलेली) आहेत की नाहीत ते बघा. गुंडाळलेल्या असतील तर सगळ्यांना आठ शेजारी, नसतील तर कडेवाल्याला पाच आणि कोपऱ्यातल्याला तीन. शेलिंगच्या वस्ती-विभाजनाच्या मॉडेलमध्ये (शेजारी पुरेसे आपल्यासारखे नसले की माणूस जागा बदलतो) हे फार चटकन दिसतं. तिथेच आणखी एक: आठ शेजारी पूर्ण भरलेले असतील तर "माझ्यासारखे किती" याचे पर्याय ०, १२.५, २५, ३७.५ असेच आहेत, त्यामुळे मर्यादा २६ टक्के ठेवा नाहीतर ३७, पूर्ण वेढलेल्या माणसाला फरकच पडत नाही, मग स्लायडर हलवून "काही परिणाम होत नाही" असा शोध लागतो. एकही शेजारी नसलेला माणूस सुखी धरलाय की दुःखी? आणि दुःखी माणूस जातो कुठे? शेलिंगने १९७१ च्या लेखात त्याला जवळच्या समाधानकारक जागेवर पाठवलं, नेटलोगोच्या लायब्ररीतलं मॉडेल त्याला रिकामी जागा मिळेपर्यंत भटकवतं. दोन्हीला लोक शेलिंग मॉडेलच म्हणतात.

दुसऱ्याने लिहिलेलं जुळत नाही तेव्हा

जुळणं म्हणजे काय ते आधी ठरवा, नाहीतर भांडण संपत नाही. ॲक्सटेल, ॲक्सेलरॉड, एपस्टाइन आणि कोहेन यांनी १९९६ मध्ये ॲक्सेलरॉडचं संस्कृतीचं मॉडेल शुगरस्केप नावाच्या दुसऱ्या एजंट मॉडेलमध्ये परत बांधून बघितलं तेव्हा तीन पायऱ्या सांगितल्या. आकडे हुबेहूब तेच, किंवा वितरण सारखं, किंवा निदान संबंध सारखा, म्हणजे हे वाढलं की ते कमी होतं एवढं तरी. दोन भाषांत लिहिलेल्या मॉडेलकडून पहिली पायरी मागू नका, जनरेटर वापरायची पद्धतच वेगळी असते. वितरण जुळायला हवं. त्यांच्याकडेही ॲक्टिव्हेशनचाच मुद्दा आला होता, एकीकडे प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकदा, दुसरीकडे कोणालाही कितीदाही.

जुळत नसेल तर मॉडेल लहान करत जा. दहा हजार एजंटवर भांडू नका, तीन एजंट घ्या, क्रम हाताने ठरवा, रँडम पूर्ण बंद करा आणि दोन्ही कोड एक टिक चालवून कागदावरच्या उत्तराशी ताडून बघा. जिथे पहिल्यांदा फाटे फुटतात तिथे तुमच्या वर्णनात एक वाक्य कमी आहे. ते वाक्य ओडीडीमध्ये, म्हणजे ग्रिम आणि मंडळींनी २००६ मध्ये मांडलेल्या आणि २०१० व २०२० मध्ये सुधारलेल्या त्या वर्णनाच्या साच्यात, शेड्युलिंगच्या भागात टाका. ओडीडी भरताना नेमका हाच भाग लोक दोन ओळीत उरकतात आणि उद्देशावर पान भरून लिहितात.

मदत मागायला याल तेव्हा नुसता ग्राफचा स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यावरून कोणालाच काही कळत नाही. सॉफ्टवेअर आणि त्याचं नेमकं व्हर्जन, सीड, ॲक्टिव्हेशन कसं आहे, बरोबरीला काय होतं, किती रन केले आणि प्रत्येक रनचा कच्चा आकडा, एवढं द्या. आउटपुट फाइलच्या प्रत्येक ओळीत त्या रनचा सीड एका कॉलममध्ये असू द्या. हजारातला एखादा विचित्र रन सापडतो तेव्हा तो परत चालवून बघता आला पाहिजे, आणि सीड सेव्ह केला नसेल तर तो रन कायमचा गेला.